ताटाची डावी बाजू वाढवा: मधुमेहात रोजचं जेवण कसं बसवायचं

मधुमेह निघाला की घरात पहिली बंदी येते साखरेवर, दुसरी भातावर, तिसरी बटाट्यावर. आंबा, केळं, चिकू तर नावानिशी हद्दपार. एवढं करून तीन महिन्यांनी रिपोर्ट बघावा तर आकडा जेमतेम हललेला असतो आणि माणूस वैतागून म्हणतो, "अहो, मी गोडाला शिवतसुद्धा नाही!" खोटं नसतं ते. पण दोन्ही वेळच्या तीन-तीन पोळ्या, सकाळचे डिशभर पोहे आणि चहाबरोबरची बिस्किटं यांच्याबद्दल कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्याकडे खरा घोळ धान्याच्या मापात आहे. जेवणात धान्य दोनदा येतं, आधी पोळी आणि मागचा भात, आणि कोशिंबीर येते चमचाभर. ताट तेच ठेवून ही मापं कशी उलटवायची, ते इथे पायरीपायरीने सांगते. हे सगळं मुख्यतः टाइप २ मधुमेहासाठी आहे. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे इंजेक्शन कुठल्याही आहारामुळे बंद करता येत नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचीही गणितं वेगळी आहेत.

आधी शरीरात काय बिघडतं ते

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साधारण चमचाभरच साखर असते. जेवणातल्या पिष्टाची आतड्यात साखर होते, ती रक्तात उतरते आणि स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन तिला स्नायूंमध्ये आणि यकृतात पोचवतं. पोट, यकृत आणि स्नायूंमध्ये चरबी साठली की इन्सुलिनला पेशी दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काही वर्षं निभावून नेतं, मग थकतं. आकडे वाढतात ते त्यानंतर. म्हणजे रिपोर्टमध्ये दिसण्याच्या कितीतरी आधी दुखणं सुरू झालेलं असतं, आणि तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं बहुतेकांना सुरुवातीला नसतातच.

"मी तर काटकुळा, मला कसा झाला?" याचं उत्तर पुण्यातून आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. आपली अंगकाठी बारीक दिसली तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या: पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८०च्या वर गेली की सावध व्हायचं.

पहिली पायरी: रिपोर्ट स्वतः वाचा

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि उंबरठ्यावर त्याहूनही जास्त, १३.६ कोटी. उंबरठ्यावरच्यांना खूप काही करता येतं. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात (२००६) आहार आणि चालणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८ टक्क्यांहून अधिक घटलं होतं.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून ती काढतात, म्हणून पेशींतच गडबड असेल तर आकडा फसवतो. लोह कमी असलेल्या बायकांमध्ये तो उगाच जास्त दिसू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेल असलेली बरीच घरं आहेत, तिथे या तपासणीवर भिस्त ठेवण्याआधी डॉक्टरांना सिकलसेलचं जरूर सांगा.

उपचार सुरू असताना बहुतेकांचं लक्ष्य असं असतं: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवल्यावर दोन तासांनी १८०च्या आत, एचबीएवनसी ७च्या आत. वयस्कर, एकट्या राहणाऱ्या किंवा साखर वारंवार खाली जाणाऱ्या माणसाला डॉक्टर जरा सैल लक्ष्य देतात. पंच्याऐंशीच्या आजोबांना सहाच्या आत आणायच्या ईर्षेत काही अर्थ नाही.

दुसरी पायरी: काय खाता ते मोजा

तीन दिवस, त्यात एक रविवार, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. उरलेला पोळीचा तुकडा, मुलांच्या डब्यातला चिवडा, प्रसाद, सगळं. चहा लिहायला विसरू नका. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा म्हणजे ४० ग्रॅम साखर तिथेच झाली.

पोळीचं माप काढायची सोपी युक्ती: एक किलो कणकेत तुमच्या घरी किती पोळ्या होतात ते मोजा. चाळीस फुलके होत असतील तर एकात २५ ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं (पिष्ट आणि साखर मिळून). पंचवीसच पोळ्या होत असतील तर एकीत ४० ग्रॅम पीठ आणि २६-२७ ग्रॅम कर्बोदकं. दोन घरांतली "दोन पोळ्या" ही एक गोष्ट नसते, आणि आहाराच्या छापील तक्त्यात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

भाकरीचंही तसंच. "ज्वारीने शुगर वाढत नाही" हे मराठवाड्यात आणि सोलापूरकडे इतक्या ठामपणे सांगतात की विरोध करायची चोरी. ज्वारीत तंतू जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, भाकरीला तेलही लागत नाही. हे सगळं कबूल. पण परातीएवढी थापलेली भाकरी ८० ग्रॅम पिठाची असते आणि तिच्यात पन्नासच्या वर कर्बोदकं असतात, म्हणजे तीन फुलके. भाकरी खा, पण अर्धी किंवा तळहाताएवढी छोटी.

आमटीच्या वाटीने एक वाटी भात म्हणजे २८-३० ग्रॅम कर्बोदकं. न दाबता भरलेली वाटी बरं का.

तिसरी पायरी: ताट वाढायची पद्धत बदला

जुन्या पद्धतीच्या पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे भात आणि पोळी. मांडणी उत्तम आहे, फक्त मापं उलटी झालीत. डाव्या बाजूची कोशिंबीर चमच्यावरून वाटीवर आणायची आणि उजवीकडचं वाढवायचं, म्हणजे मधलं आपोआप आटतं. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ, डाळ, अंडी किंवा मासे, आणि पाव ताटात धान्य.

धान्य एका जेवणात एकच. पोळी किंवा भात. ज्यांना मागचा भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यांनी एक फुलका आणि अर्धी वाटी भात असा हिशोब बसवावा, पण "दोन पोळ्या झाल्या, आता थोडा भात" ही सवय मोडायलाच हवी. एकाच गोष्टीला हात घालायचा असेल तर मी म्हणेन इथेच घाला.

कोशिंबीर काकडी, टोमॅटो, मुळा, गाजर, कोबी, पानकोबीचा दांडा, काहीही. दाण्याचं कूट चमचाभर चालेल, साखर नको. बटाटा, रताळं, सुरण, मटार, मका यांची भाजी धान्यात धरायची, भाजीत नाही. बटाट्याच्या भाजीशी पोळी म्हणजे पोळीशी पोळी. आणि मेथी-बटाटा केला तर त्यात बटाटा चवीपुरता असावा; हल्ली मेथीच चवीपुरती असते.

प्रथिनांची बाजू आपल्याकडे फार लंगडी पडते. वरण पातळ करायची आपली रीत, वाटीभर पातळ वरणात प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. तेच मटकी, मूग, चवळी, हरभरे, कुळीथ यांची घट्ट उसळ असेल तर सात-आठ ग्रॅम मिळतात आणि साखरही हळू चढते. पिठलं चांगलं, झुणका त्याहून चांगला. अंडी, दही, ताक, पनीर, सोयाबीन, चिकन चालतं. मिसळीतल्या मटकीशी काही भांडण नाही. फरसाण आणि पाव यांच्याशी आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर प्रथिनं किती हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.

कोकण-गोव्यात भात सोडा म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखंच. तिथे सोपं उत्तर असं: भात एक वाटी, बांगडा नाहीतर तारल्यांचे तुकडे वाढवायचे, जोडीला लाल माठाची किंवा वालीची भाजी, बिनसाखरेची सोलकढी. मासा तव्यावर, रव्याच्या जाड थराशिवाय.

मग खायचा क्रम. आधी कोशिंबीर आणि भाजी, उसळीचे चार घास, आणि त्यानंतर पोळी किंवा भात. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये २०१५ साली एका छोट्या अभ्यासात तेच पदार्थ, तेवढेच, फक्त क्रम बदलून दिले, तर भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. याला पैसे पडत नाहीत, वेगळा स्वयंपाक लागत नाही, आणि घरातल्या बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

तेल कमी केल्याने साखर लगेच उतरत नाही, पण वजन आणि हृदय यांचा संबंध आहेच. माणशी महिन्याला अर्धा लिटर एवढं ढोबळ माप ठेवा. चार जणांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर काय ते समजा.

एक धोक्याची सूचना. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर धान्य एकदम निम्म्यावर आणू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतात.

नाश्ता

इथे आपण मराठी माणसं सगळ्यात जास्त घसरतो. पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी, इडली: सगळं पिष्ट. ६० ते ७५ ग्रॅम कोरड्या पोह्यांची डिश म्हणजे ४५ ते ५५ ग्रॅम कर्बोदकं, त्यात बटाटा, वर चिमूटभर साखर आणि शेजारी गोड चहा.

पोहे सोडायची गरज नाही. माणशी ३० ग्रॅम पोहे घ्या, तेवढेच मोड आलेले मूग किंवा मटकी वाफवून घाला, कांदा दुप्पट, बटाट्याऐवजी कोबी किंवा शेंगदाणे, साखर गायब, लिंबू भरपूर. दिसायला डिश तेवढीच भरते. मुगाचं किंवा बेसनाचं धिरडं, भाज्या घातलेलं थालीपीठ दह्याशी, दोन अंडी आणि एक फुलका हेही उत्तम. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून "पौष्टिक" म्हणून पिणाऱ्यांनी मात्र एकदा प्यायल्यावर साखर मोजून पाहावी. वस्त्रगाळ पिठाची पेज फार झपाट्याने चढते. नाचणीची भाकरी त्यापेक्षा बरी.

"हे चालतं ना?"

गूळ चालत नाही. गुळातही बहुतांश तीच साखर असते, मधातही साखरच. थोडं लोह वगैरे मिळतं म्हणून शेंगदाण्याच्या चिक्कीला सूट मिळत नाही.

"शुगर फ्री" बिस्किटं मैद्याचीच असतात. टोस्ट, खारी, मारी यांचंही तसंच. गोड लागत नाहीत एवढाच फरक.

कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड: आवडत असेल तर घ्या. मेथीतल्या तंतूंचा थोडा उपयोग होतो. पण यांच्या भरवशावर गोळ्या बंद करणं महागात पडतं. कुणी "मधुमेह मुळापासून बरा" करून देत असेल तर पाकीट सांभाळा.

फळ खायचं, रस प्यायचा नाही. पेरू, पपई, सफरचंद, संत्रं, जांभळं एका वेळी एक वाटी. हापूसही चालतो: मध्यम आंब्याचा रस-गर मिळून वीसएक ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एका फुलक्याहून थोडी जास्त. अर्ध्या आंब्याच्या फोडी खायच्या आणि त्या जेवणातला भात वगळायचा. आमरस-पुरी मात्र खरोखर अवघड प्रकरण आहे. वाटीत तीन आंबे कधी संपतात कळत नाही.

उपास

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ८५च्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं नावाला. त्यात बटाटा. उपासाच्या दिवशी साखर नेहमीपेक्षा जास्त चढते ती यामुळे. राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ताक, शिंगाड्याचं छोटं थालीपीठ असा फराळ बसवता येतो. वरई घ्यायची तर एकच वाटी, आमटी दाण्याची.

गोळ्यांचं काय, हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवा. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन यांनी जाते. ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं त्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपास करूच नये. शरीरात पाणी कमी पडून रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. जुलाब-उलट्या लागल्या तरी त्या गोळीबद्दल लगेच विचारायचं.

चौथी पायरी: ग्लुकोमीटरला प्रश्न विचारा

बहुतेक लोक मीटर आणतात आणि रोज सकाळची उपाशीपोटीची साखर बघत बसतात. पहाटे यकृत स्वतःहून साखर सोडतं, त्यामुळे तो आकडा रात्रीच्या जेवणाबद्दल फारसं सांगत नाही. त्यापेक्षा जोडीने मोजा: जेवायला बसण्यापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. आज दोन पोळ्या आणि बटाटा, परवा एक पोळी आणि मटकीची उसळ. फरक वहीत लिहा. आठवड्यात अशा दोन-तीन जोड्या घेतल्या तरी कुठला पदार्थ आपल्याला झेपतो ते कळतं. तोच भात दोघा भावांना वेगवेगळा चढतो.

मोजायची रीत: हात साबणाने धुवून कोरडे करा. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर मीटर तुमची साखर दाखवत नाही, आंब्याची दाखवतं. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलवा, बोट पिळू नका. लॅबचा आकडा १५० आणि मीटरचा १६५ आला म्हणून मीटर बिघडलेलं नसतं. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक प्रमाणात बसतो. पट्ट्यांची डबी मात्र घट्ट बंद ठेवा, पावसाळ्यात त्या लवकर वाया जातात.

शतपावली

प्रत्येक मोठ्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू हलले की ते साखर ओढून घेतात. सकाळी तासभर चालून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने जेवणानंतरचं चालणं वगळू नये. आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचलायचं, उठाबशा काढायच्या. आपल्यासारख्या कमी स्नायूंच्या लोकांना त्याची जास्त गरज.

साखर खाली गेली तर

घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. मोजता आलं आणि ७०च्या खाली असेल, किंवा मोजायला वेळच नसेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढंच. मग काहीतरी खा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे उशीर होतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर पटकन लागू पडत नाही, त्यांच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या.

वर्षाकाठी

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा. रक्तदाब आणि पावलं प्रत्येक भेटीत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. मुंग्या येतात त्या दरवेळी साखरेमुळेच असतात असं नाही, बी१२ कमी पडल्यानेही येतात. घरी रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. अनवाणी वारी, तापलेलं देवळाचं आवार, पायांखाली गरम पाण्याची पिशवी यांपासून जपा. संवेदना कमी झालेल्या पायाला भाजलेलं कळत नाही.